हाकाताला तुटलेली तार

जपानी गिटारवादक इसोगाई ऱ्योजीच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक अड्डा आहे. अड्डा कसला, आखाडाच. इसोगाई जाऊन तीन वर्षं झाली, पण तिथे तो रोज सकाळी जिवंत होतो आणि संध्याकाळपर्यंत त्याची चिरफाड होते. कुठल्या साली त्याने कुठला ॲम्प वापरला, त्याच्या गिटारच्या तारा किती जाड होत्या, तो मनगट कुठून वळवायचा, यावर चांगली पोटापाण्याला लागलेली माणसं अशी हमरीतुमरीवर येतात की भाऊबंदकीतली भांडणं परवडली. एकाने त्याच्यासारखाच जुना ॲम्प सात लाख येन मोजून घेतला आणि बायकोला सांगितलं की हे पुस्तकांचं कपाट आहे. ही माणसं वेडी आहेत हे खरं. पण ज्याने इसोगाईला एकदा नीट ऐकलं, त्याला त्यांचं वेड कळतं.

या आखाड्यात 'तिसरी तार' या नावाने लिहिणारी व्यक्ती म्हणजे कोकुराच्या मुनाकाता सायोको. वय अठ्ठावन्न. घराच्या खालच्या खोलीत त्या शामिसेन हे जुनं तंतुवाद्य शिकवतात. आधी त्यांची आई शिकवायची, आता त्या. शामिसेनला तीनच तारा, त्यातली तिसरी सगळ्यांत बारीक, रेशमाची आणि ऐन रंगात दगा देणारी. म्हणून ते नाव. आखाड्यात मात्र कुणाच्या डोक्यातही आलं नाही की ही बाई असेल. सगळे त्यांना 'काका' म्हणायचे, आणि सायोकोबाईंनीही कधी चूक दुरुस्त केली नाही. बाई म्हणून समजूत घातली जाण्यापेक्षा काका म्हणून शिव्या खाल्लेल्या बऱ्या, असं त्यांचं मत होतं.

आणि शिव्या भरपूर मिळत होत्या. कारण एकच. १९८५ च्या नोव्हेंबरात जवळच्या हाकाता शहरात झालेल्या कार्यक्रमाला सायोकोबाई स्वतः हजर होत्या, पाचव्या रांगेत, एकोणीस वर्षांच्या. त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड पुढे निघाली आणि तिच्यातल्या शेवटच्या गाण्यातली इसोगाईची एकट्याची गिटार म्हणजे या मंडळींचं देवघर. सायोकोबाईंचं म्हणणं असं की ते वाजवताना मध्येच गिटारची सगळ्यांत बारीक तार तुटली होती आणि उरलेलं त्याने पाच तारांवर पुरं केलं. आता रेकॉर्डवर शेवटी जे सूर कळसाला जातात, ते सगळे त्याच बारीक तारेवरचे. मग?

"काका, गोळ्या घेतल्या का सकाळच्या?" एकाने लिहिलं.

"काका बहुतेक दुसऱ्याच हॉलमध्ये बसले होते. तिथे लग्न चाललं असेल."

यांच्यात सगळ्यांत तिखट हात 'शिओकारा'चा. खारवलेल्या माकुळाचं नाव घेतलेला हा गडी स्वतः उत्तम वाजवायचा, आणि बोलायचाही त्या माकुळासारखाच, थोडक्यात आणि खारट. त्याने सायोकोबाईंना सरळ पेचात धरलं. "काका, हिशेब सोपा आहे. तार तुटली असेल तर रेकॉर्ड खोटी. रेकॉर्ड खरी असेल तर तुम्ही खोटे. दोन्हीतलं एक निवडा आणि आम्हाला मोकळं करा."

सायोकोबाईंना निवडता येईना. तार तुटल्याचा आवाज त्यांनी कानांनी ऐकला होता, आणि तारेच्या बाबतीत त्यांचे कान फसणारे नव्हते. सहाव्या वर्षापासून तारा तुटतानाच ऐकत आल्या होत्या त्या. पण ती रेकॉर्डही त्यांच्या जिवाचा तुकडा होती. आई गेली त्या आठवड्यात त्यांनी दुसरं काही ऐकलं नव्हतं. "दोन्ही खरं आहे," एवढंच त्या लिहीत राहिल्या, दोन वर्षं, आणि लोक हसत राहिले.

यंदा वसंतात रेकॉर्डची नवी, धुऊन-पुसून लख्ख केलेली आवृत्ती निघाली आणि आखाड्यात नवा विषय आला. विषय तसा जुनाच, 'श्वास'. शेवटच्या गाण्यात सगळी वाद्यं थांबतात, क्षणभर काहीच वाजत नाही, फक्त ॲम्पची बारीक घरघर राहते. इसोगाईचा पहिला सूर यायच्या जरा आधी ती घरघर एकदम खाली उतरते. जणू माणूस श्वास घेतोय. या एका क्षणावर चाहत्यांनी किती लिहिलंय! नागासाकीच्या एका दंतवैद्याने सिद्ध केलं होतं की तो करंगळीने बटण फिरवतो. निइगाताचा एक जण 'इसोगाईचा श्वास सात दिवसांत' असा वर्ग चालवत होता आणि त्याला विद्यार्थीही होते. शिओकाराने तर नव्या आवृत्तीतला तेवढाच तुकडा कापून, आवाज मोठा करून टाकला आणि खाली लिहिलं, "नुसत्या शांततेला वळण देणारा हा एकच माणूस. बाकी आपण सगळे तारा खाजवतो."

भांडखोर असला तरी मनुष्य रसिक होता, हे सायोकोबाईंना मान्य करावं लागलं.

त्यांनी तो तुकडा सकाळी दहाच्या सुमारास शिकवणीच्या खोलीत ऐकला. मुली अजून यायच्या होत्या. एकदा ऐकून त्यांनी हेडफोन काढला आणि त्यांचं लक्ष वर ट्यूबलाइटकडे गेलं. जुनी ट्यूब, गेली वीस वर्षं एकाच सुरात कण्हणारी. मुली गमतीने तिच्या सुरावर शामिसेन लावायच्या. ट्यूबचा सूर आणि तुकड्यातल्या पहिल्या अर्ध्या भागातल्या घरघरीचा सूर तंतोतंत एक होता. त्यांनी पुन्हा हेडफोन लावला. श्वास आला, घरघर खाली उतरली. किती उतरली? सायोकोबाईंनी गुणगुणून पाहिलं. तीन पायऱ्या. कोमल गांधारावरून षड्जावर यावं तेवढी.

हा खालचा सूरही त्यांच्या ओळखीचा होता. दरवर्षी आपल्या घराण्याच्या मोठ्या मैफलीला त्या तोक्योला जात, आसाकुसाच्या एका लॉजवर उतरत. तिथल्या ट्यूबलाइटी अशाच, तीन पायऱ्या खाली कण्हायच्या. पहिल्या वर्षी त्यांना त्या सुराने झोप लागली नव्हती.

फुजी नदीच्या अलीकडे, हाकाता-ओसाकाकडे, वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते आणि पलीकडे, तोक्यो-सेंदाईकडे, पन्नास, हे जपानात शाळेतलं पोरही सांगेल. पूर्वी घर बदलून कुणी पलीकडे गेलं की धुलाईयंत्राची चौकशी आधी व्हायची. ॲम्पची घरघर म्हणजे विजेचीच घरघर. हाकाताच्या विजेवर गाणं सुरू होत होतं, आणि इसोगाईचा पहिला सूर यायच्या आत वीज तोक्योची होत होती. म्हणजे ती गिटार त्या रात्रीची नव्हतीच. नंतर तोक्योच्या स्टुडिओत वाजवून तिथे बसवली होती. ज्या श्वासापुढे चाळीस वर्षं लोक हात जोडत होते, तो सांधा होता.

सायोकोबाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. बागेतून टोमॅटो घेऊन आलेले त्यांचे पती तोमोहिसा दारात थबकले. पोलादाच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलायचे.

"काय झालं? पुन्हा काका म्हणाले का?"

"अहो, तार तुटली होती."

"हे मी लग्न झाल्यापासून ऐकतोय."

"आता पुरावा मिळाला."

"मग मार की त्यांच्या तोंडावर!"

"मारला तर इसोगाईच्या तोंडावर बसेल."

तोमोहिसांनी टोमॅटो खाली ठेवले. "अगं, तो मेलाय. तू जिवंत आहेस. दोन वर्षं तुला खोटारडी म्हणताहेत, तू जेवताना फोनकडे बघून दात-ओठ खातेस. मला जेवण गोड लागत नाही."

"तो मेलाय म्हणूनच. उत्तर द्यायला कुठून येणार तो? उद्या सगळे म्हणतील, फसवलं. ज्या पोरांनी त्याच्यापायी गिटार हातात घेतली ती पोरं म्हणतील."

त्यांनी आधी शिओकाराच्या तुकड्याखाली एक ओळ लिहिली, "दोन्ही घरघरींत किती सुरांचं अंतर आहे, मोजलंत का?" आणि लगेच पुसून टाकली. चार दिवस त्यांनी काही लिहिलं नाही. मुलींना शिकवताना दोनदा चुकल्या. पाचव्या दिवशी मात्र त्या बसल्या आणि त्यांनी लिहिलं, "तार तुटली असं मला वाटलं होतं. वय झालं, आठवणी मिसळतात. रेकॉर्ड खरी आहे. माझ्याकडून हा वाद संपला." बोट बटणावर ठेवून त्या बराच वेळ बसल्या, मग दाबलं. आयुष्यात त्यांनी जाणूनबुजून लिहिलेलं हे पहिलं खोटं होतं, आणि ते नेमकं सगळ्यांना पटलं. आखाड्यात जल्लोष झाला. काकांना निवृत्तीच्या शुभेच्छा मिळाल्या. दंतवैद्याने तर मोफत कवळी देऊ केली.

शिओकारा एकटा त्यात सामील झाला नाही. त्याने फक्त एक शब्द लिहिला, "का?"

आठवडाभराने त्याचा खासगी निरोप आला. "काका, तुम्ही एक ओळ लिहून पुसली होती. मी ती वाचली होती. मी सेंदाईचा, एप्रिलमध्ये बदली होऊन ओसाकाला आलो. काल पहिल्यांदा खोकी उघडून ॲम्प लावला. घरघर तीन सूर वर. मग तुमची ओळ आठवली, मग मोजलं. तुम्हाला माहीत होतं. माहीत असून तुम्ही स्वतःला खोटं ठरवलंत. मी रविवारी कोकुराला येतोय. नाही म्हणू नका."

रविवारी अकराला दारात तिशी ओलांडलेला एक किडकिडीत माणूस उभा होता. पाठीवर गिटार, एका हातात छोटा ॲम्प, दुसऱ्यात ओसाकाच्या मिठाईचा डबा. नाव उचिबोरी काझुमा.

"माफ करा, 'तिसरी तार' या नावाने लिहिणारे इथेच राहतात ना? तुमचे वडील, की...?"

"मीच काका," सायोकोबाई म्हणाल्या. "आत या."

उचिबोरीच्या हातून मिठाईचा डबा सुटला. आतून तोमोहिसा एवढ्याने हसले की शेजारचं कुत्रं भुंकलं. दोन वर्षांचा हिशेब त्या हसण्यातच निम्मा फिटला, असं सायोकोबाईंना वाटलं. पुढे बराच वेळ तो मुलगा मान वर करेना. तोमोहिसांनी त्याच्यापुढे तांदळाच्या कोंड्याच्या मसाल्यात शिजवलेले तारली मासे आणि भात ठेवला, "खा रे बाबा, भांडायला ताकद लागते," म्हणाले, आणि बागेत निघून गेले.

खाऊन झाल्यावर उचिबोरी म्हणाला, "मी चौदा वर्षांचा असताना ती रेकॉर्ड ऐकली. सूर न् सूर पाठ केला. वीस वर्षं तोक्योच्या एका बंद खोलीला हाकाता समजून नमस्कार करत होतो मी."

"राग आला?"

"त्याचा आला. मग तुमचा आला, गप्प बसलात म्हणून. मग माझा. आणि मग बाई, सगळा राग उतरला आणि डोक्यात एकच गोष्ट उरली. त्या रात्री वाजलं काय होतं?"

एकोणचाळीस वर्षांत हा प्रश्न सायोकोबाईंना कुणी विचारला नव्हता. तार तुटली की नाही, यावर सगळे भांडले. तुटल्यावर पुढे काय झालं, ते कुणालाच नको होतं.

"सांगते," त्या म्हणाल्या. "पण आमच्या पद्धतीने."

शामिसेन कागदावरून शिकवत नाहीत, तोंडाने शिकवतात. प्रत्येक आघाताला बोल असतो आणि बोलातच तार कळते. दुसरी तार मोकळी वाजली तर तोन, दाबून वाजली तर त्सुन. तिसरी मोकळी तेन, दाबलेली चिन. त्या रात्री हाकाताहून कोकुराला येणाऱ्या गाडीत एकोणीस वर्षांच्या सायोकोने इसोगाईचं सगळं वाजवणं अशा बोलांत बसवून घेतलं होतं, सहा तारांसाठी आणखी तीन-चार बोल स्वतःचे जोडून. आईने शिकवलेलं जसं रोज म्हणायचं, तसं तेही ती भांडी घासताना म्हणत आली होती. रेकॉर्ड त्याच्यावर चढू शकली नाही, कारण बोल वेगळे होते. आखाड्यात हे लिहिलं असतं तर काकांच्या घरात भांडी पडली, असं लोक म्हणाले असते.

त्या मांडीवर हाताने ठेका धरून बोल म्हणू लागल्या. उचिबोरी डोळे मिटून ऐकत होता. चिन-चिन-तेन, चिन-त्सुन, मग एका जागी बाई थांबल्या. "इथे तुटली." पुढे त्यांनी तोन म्हटलं, त्सुन म्हटलं, जाड तारांचे घुमणारे बोल म्हटले. शेवटपर्यंत बारीक तारेचं चिन किंवा तेन एकदाही आलं नाही.

उचिबोरीने डोळे उघडले. त्याने गिटार काढली आणि सगळ्यांत बारीक तार सोडवून टाकली. टाकताच त्याचा चेहरा बदलला. त्या जातीच्या गिटारीत तारा स्प्रिंगांवर तोललेल्या असतात, एक गेली की उरलेल्या पाचही सुरात चढतात. इसोगाईची गिटार याच जातीची. उचिबोरीचा हात सवयीने खुंट्यांकडे गेला.

"जुळवू नकोस," सायोकोबाई म्हणाल्या. "त्याला कुठे वेळ मिळाला होता?"

उचिबोरीचा हात तसाच थांबला. "म्हणजे... पाचही तारा चढलेल्या. आणि तरी सूर बरोबर लागत होते?"

"पहिला चुकला. काटा आला अंगावर, एवढा चुकला. मग त्याने खाली गिटारकडे पाहिलं आणि हसला. पुढचा एकही चुकला नाही."

"कसं शक्य आहे? तळव्याने स्प्रिंगांची दांडी दाबून धरली असेल, सगळ्या तारा खाली ओढायला. पण मग त्याच हाताने वाजवायचं कसं? आणि किती दाबायची हे..." तो स्वतःशीच बोलत वाजवू लागला.

दुपारभर चाललं. सायोकोबाई बोल म्हणायच्या, तो बोटं शोधायचा. "नाही, इथे घाई नव्हती. इथे तो थांबला." "किती?" "तुला नको वाटेल इतका." रेकॉर्डवरचं वाजवणं कळसाकडे धावत सुटायचं. हे वाजवणं वर जायची वाट बंद झाल्यामुळे खाली उतरलं होतं, जाड तारांमध्ये, जिथे इसोगाई एरवी फिरकतही नसे, आणि तिथून एकाच तारेला ओढत ओढत ते पुन्हा अशा उंचीला जायचं की ऐकणाऱ्याने श्वास रोखावा. उचिबोरीला ते तुकड्यातुकड्यांनी लागत गेलं. लागेल तसे त्याचे डोळे भरून येऊ लागले आणि त्याने ते पुसायचंही सोडून दिलं. शेवटची ओढ मात्र जमेना. दांडी तळव्याने दाबून, एकच तार डाव्या हाताने ओढत पाच सूर वर न्यायची, खाली जाड तार मोकळी घुमत ठेवायची. त्याने तीस-चाळीस वेळा केलं. दोन बोटांची सालं गेली. शेवटी त्याने गिटार खाली ठेवली.

"नाही जमत. मी सहा महिने बसलो तर कदाचित. आणि त्याने हे..."

"आयुष्यात एकदाच केलं. न ठरवता. मी पाचव्या रांगेतून पाहिलं."

"मग त्याने पुन्हा का वाजवलं, तोक्योला जाऊन?"

"कुणास ठाऊक. कंपनीने सांगितलं असेल. पहिला चुकलेला सूर त्याला सहन झाला नसेल. रेकॉर्डवर आहे ते त्याने ठरवलेलं आहे, रे. तेही सुंदरच आहे. मला एवढीच भीती होती की लोक त्याला छोटा म्हणतील."

"छोटा?" उचिबोरी एकदम ओरडला, मग ओशाळला. तो मागे सरकला आणि त्याने जमिनीवरच्या तातामी चटईवर कपाळ टेकलं. "बाई, मी दोन वर्षं तुम्हाला खोटं म्हणत होतो. हे तिथे लिहायलाच हवं. घरघर, वीज, सगळं. आणि हे बोल. पण ते विचारतील, बाईंनी हे मनाने रचलं नाही कशावरून?"

सायोकोबाई हसल्या, बऱ्याच दिवसांनी मोकळं. "सांग त्यांना, हे रचता आलं असतं तर मी कोकुरात पोरींना तोन-त्सुन शिकवत बसले असते का? लिही."

उचिबोरीने फोन काढला. सालं गेलेल्या बोटांनी त्याने बराच वेळ काय काय लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग फोन बाईंपुढे धरला. पडद्यावर एवढंच होतं, "हाकाताला तार तुटली होती. त्यानंतर काय वाजलं ते आज मी ऐकलं. मला ते वाजवता येत नाही."